कॅश पैशाला पैसा जुळते, मग मी बेशिस्त कशी?

ताई, सप्रेम नमस्कार.
मी 36 वर्षांची, साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. लग्नात 58 किलो होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढत वाढत आता 79 झालेय. उंची पाच फूट एक इंच. डाएट बऱ्याचदा करून झालं. पाच-सहा किलो उतरतात आणि व्याजासकट परत येतात. माझी जाऊ माझ्याच पंगतीला बसते, बासुंदीच्या वाट्यांवर वाट्या रिचवते, आणि अंगाने काडी. सासूबाई म्हणतात, "हिचा तोंडावर ताबा नाही, स्वभावच तसा." गेल्या महिन्यात ऑफिसात वेलनेसवाले आले होते. मोबाइलवर स्वभावाची चाचणी घेतली. माझी 'शिस्तबद्धता' कमी निघाली, 'उतावळेपणा' जास्त. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं वजन तुमच्या पर्सनॅलिटीतच आहे," आणि सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलं.
सकाळी साडेपाचला उठते, सगळ्यांचे डबे करते, चहा-बिस्किटावर नऊला निघते. गर्दी ओसरल्यावर दोन-अडीचला जेवण. संध्याकाळी कॅश पैशाला पैसा जुळल्याशिवाय उठत नाही. सातला घरी आले की पोळ्या लाटता लाटता शेव-चिवड्याचा डबा कधी तळाला जातो कळत नाही. झोपायला साडेअकरा. अर्धशिशीची गोळी रोज रात्री घेते, ती सोडली तर काही आजार नाही. आता अकरा वर्षांच्या लेकीलाही सासूबाई "आईवर गेलीय" म्हणायला लागल्यात. स्वभावच असा असेल तर धडपड कशाला करायची? आणि तो मी तिलाही दिलाय का?
– बेशिस्त, सातारा

---

ताई,

तुम्ही केलेली सही मी वापरणार नाही. रोज लाखांची रोकड मोजून संध्याकाळी पैशाला पैसा जुळवणारी बाई स्वतःला बेशिस्त म्हणवते, हे माझ्या पचनी पडत नाही.

आधी त्या वेलनेसवाल्या मुलीचं काय खरं, काय खोटं ते पाहू. ती अगदीच हवेत बोलली नाही. स्वभाव आणि वजन यांचा संबंध शास्त्रज्ञांनी बराच तपासलाय. अमेरिकेत बाल्टिमोरला 1958 पासून एक अभ्यास चालू आहे. त्यात माणसांना वर्षानुवर्षं बोलावतात, वजन-मापं घेतात, स्वभावाच्या प्रश्नावल्या भरून घेतात. त्यातल्या जवळपास दोन हजार जणांची माहिती घेऊन 2011 साली एक निबंध आला. मोह न आवरण्यात जे सगळ्यात वरचे दहा टक्के होते, त्यांचं सरासरी वजन सगळ्यात खालच्या दहा टक्क्यांपेक्षा सुमारे 11 किलो जास्त भरलं. काटेकोर, नेमस्त माणसं तुलनेने सडपातळ निघाली. आणि ज्यांच्यात चिंतातुरपणा जास्त आणि काटेकोरपणा कमी, त्यांचं वजन खाली-वर, खाली-वर होत राहिलं. तुमचं 'व्याजासकट' वाचताना मला हेच आठवलं.

आता दुसरी बाजू, जी पॅकेज विकणारे सांगत नाहीत. 2013 साली नऊ मोठ्या अभ्यासांतल्या जवळजवळ 79 हजार माणसांची माहिती एकत्र केली गेली. स्वभावाचे जे पाच मोठे गुण मानसशास्त्रात मोजतात, त्यातल्या फक्त एकाचा, म्हणजे काटेकोरपणाचा, लठ्ठपणाशी ठाम संबंध सापडला. बाकी चार जवळपास निकालात निघाले. आणि तो एक संबंध केवढा? काटेकोरपणा नेहमीच्या मोजपट्टीवर एक पायरी चढला, तर लठ्ठ असण्याची शक्यता साधारण 15 टक्क्यांनी कमी. हजारो माणसांच्या गर्दीत हा फरक दिसतो. एका बाईकडे बोट दाखवून "तुझं वजन यामुळे" म्हणायला तो पुरत नाही. जिथे तिथे पसारा टाकणारी, वेळ न पाळणारी आणि तरी शिडशिडीत अशी डझनभर माणसं तुमच्याच भावकीत सापडतील.

आणखी एक गंमत आहे, जरा लक्ष देऊन वाचा. या अभ्यासांत वापरल्या जाणाऱ्या एका नावाजलेल्या प्रश्नावलीत उतावळेपणा मोजायला जे प्रश्न आहेत, त्यातले काही खाण्याबद्दलचेच आहेत: आवडीचा पदार्थ समोर आला की जास्त खाल्लं जातं का, अशा धाटणीचे. म्हणजे खाणं विचारायचं, त्याला नाव स्वभावाचं द्यायचं, आणि मग जाहीर करायचं की या स्वभावाच्या लोकांचं वजन जास्त असतं! एस्टोनियातल्या संशोधकांनी एकेक प्रश्न सुटा करून पाहिला, तेव्हा या संबंधाचा मोठा भाग अशा खाण्याच्या प्रश्नांवरच उभा असल्याचं दिसलं. तुमच्या मोबाइलवरच्या चाचणीत काय विचारलं होतं ते आठवून बघा. "भूक नसतानाही खाता का" असा एखादा प्रश्न असणार, पैज लावते.

मग जावेचं काय, हा तुमचा खरा सल.

कॅनडात क्विबेकच्या लावाल विद्यापीठात क्लॉद बुशार यांच्या गटाने केलेला एक प्रयोग 1990 साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या 12 जोड्या घेतल्या, आणि 100 दिवसांतले 84 दिवस प्रत्येकाला त्याच्या गरजेपेक्षा रोज 1,000 कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सगळं देखरेखीखाली, चोरून खायला नाही आणि टाळायलाही नाही. एकाचं वजन जेमतेम 4 किलोंनी वाढलं, दुसऱ्याचं 13 किलोंच्या वर गेलं. जादा अन्न तेवढंच, आणि फरक तिपटीचा. पण जुळे भाऊ मात्र एकमेकांच्या आसपासच वाढले. इथे कुणाच्या तोंडावरच्या ताब्याचा प्रश्नच नव्हता, ताटात काय पडणार हे संशोधक ठरवत होते. तुमची जाऊ त्या चार किलोवाल्यांपैकी असणार. तिने काही कमावलेलं नाही, तुम्ही काही गमावलेलं नाही.

आणि काडी म्हणजे निरोगी हे समीकरणही आपल्याकडे फार खरं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयच्या रेषा अलीकडे ओढल्यात: 23 च्या वर जादा वजन, 25 च्या वर लठ्ठपणा. बाईच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत असावा. जावेलाही एकदा टेप लावायला सांगा, कुत्सितपणे नव्हे, काळजीने.

तुमचा बीएमआय 33 च्या घरात येतो. हे मी गुळमुळीत करून सांगणार नाही. या वजनाकडे लक्ष द्यायलाच हवं. फक्त ते तब्येतीचा प्रश्न म्हणून द्या, चारित्र्याचा दाखला म्हणून नको.

आता तुमच्या पत्रातली ती ओळ जी तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि मी तिथेच थांबले: "अर्धशिशीची गोळी रोज रात्री घेते, ती सोडली तर काही आजार नाही." ताई, कुठली गोळी? अर्धशिशी उठूच नये म्हणून रोज घ्यायच्या ज्या गोळ्या आपल्याकडे सर्रास देतात, त्यातल्या फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिन, व्हॅल्प्रोएट या गोळ्यांनी भूक आणि वजन वाढणं ही नेहमीची, पुस्तकात छापलेली गोष्ट आहे. अशीही औषधं आहेत ज्यांनी वजन वाढत नाही, टोपिरामेटने तर काहींचं उतरतं, पण त्याचे त्याचे तोटे आहेत आणि मूल होण्याचा विचार असेल तर ते चालत नाही. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "हिच्यामुळे माझं वजन वाढतंय का, आणि दुसरा पर्याय आहे का?" गोळी कधी सुरू झाली आणि वजन कधीपासून चढलं, हे दोन्ही महिने एका कागदावर शेजारी शेजारी लिहून न्या. तारखा जुळवणं तुम्हाला कुणी शिकवायला नको.

त्याच फेरीत थायरॉइड, रक्तातली साखर (तीन महिन्यांच्या सरासरीची), कोलेस्टेरॉल, रक्तदाब करून घ्या. पाळी मागे-पुढे होत असेल तर तेही सांगा.

यानंतर तो सात वाजताचा शेव-चिवडा.

तुम्ही याला उतावळेपणा म्हणताय, मला त्यात भूक दिसते. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना लढाईला जायचं नव्हतं, त्याऐवजी त्यांनी हे पत्करलं. तत्त्वाला चिकटून राहणारी, मनाने पक्की अशी ही मुलं. काही महिन्यांत ती चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र खाण्याच्या गप्पा, ताट चाटून पुसून खाणं, कुणी तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागला. स्वभाव बिघडला म्हणून ती खायला वखवखली नव्हती. उपाशी राहिल्यामुळे स्वभाव तसा दिसू लागला होता. तुमची उपासमार त्या तोडीची नाही हे मान्य, पण सकाळी साडेपाचपासून दुपारी अडीचपर्यंत चहा-बिस्कीट, मग डबा, आणि मग सातपर्यंत काही नाही, असा दिवस काढून गरम तव्यासमोर उभं राहिलं आणि हाताशी शेवेचा डबा असला, तर साधुसंतांचाही हात जाईल. शिवाय झोप सहा तासांची. झोप कमी पडली की भूक वाढवणारी संप्रेरकं चढतात आणि पोट भरल्याची खूण देणारी उतरतात, हे प्रयोगात मोजलेलं आहे.

आता तुमच्या काउंटरकडे बघा. तिथे तुमची कॅश का जुळते? तुमचा स्वभाव ऑफिसात गेल्यावर बदलतो म्हणून नाही. तिथे व्हाउचर आहे, नोटांची फोड लिहायचा तक्ता आहे, तिजोरीला दोन किल्ल्या आहेत, आणि ठरलेल्या वेळेला काउंटर बंद होतो. मोहाला वावच ठेवलेला नाही. घरी मात्र तिजोरी सताड उघडी आणि कॅशियर दिवसभराची उपाशी. उतावळा स्वभाव खरंच असेल, अगदी त्या चाचणीवर विश्वास ठेवला, तरी त्याचा उपयोग एवढाच: अशा माणसाने मनोनिग्रहावर भिस्त ठेवायची नाही, मांडणी बदलायची.

म्हणजे काय करायचं? सकाळी सगळ्यांचे डबे भरताना तुमच्यासाठी एक वेगळी डबी भरा. अकराच्या सुमाराला, काउंटरवर बसल्या बसल्या दोन मिनिटांत संपेल असं काहीतरी: भाजलेले चणे, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर उकडलेलं अंडं, नाहीतर रात्रीच्या मटकीची उसळ. दुपारच्या डब्यात पोळ्या तेवढ्याच ठेवा, पण उसळ किंवा आमटी जास्त घ्या आणि दही न्या. आणि हे महत्त्वाचं: संध्याकाळी कॅश जुळली की उठण्याआधी, ऑफिसातच काहीतरी खा. एखादं फळ, ताक, अर्धी भाकरी, काहीही. घरी पोहोचताना पोटात आग असता कामा नये. याला थोडा वेळ लागेल आणि सहकारी चेष्टा करतील. करू देत.

शेव-चिवडा घरातून हद्दपार करा असं मी म्हणणार नाही. सासऱ्यांच्या आणि मुलांच्या चहाबरोबर तो लागणार, आणि बंदी घातली की तुमचंच लक्ष जास्त जाईल. तो ओट्यावरच्या पारदर्शक बरणीतून काढून झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात घाला आणि स्वयंपाकघराच्या बाहेर, दुसऱ्या खोलीतल्या फडताळात वरती ठेवा. खायचाय? वाटीत काढून, खाली बसून खायचा. एवढाच नियम. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलंय की "मी कमी खाईन" अशा मोघम निश्चयापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधी ठरवून ठेवलं तर ते हातून जास्त घडतं. तुमचं वाक्य असं असू शकतं: "चप्पल काढली की आधी तांब्याभर पाणी, मग कणीक." आणि पोळ्यांचं काम जमेल त्या दिवशी नवऱ्याकडे सोपवा. हा सल्ला वजनाचा आहे की संसाराचा, ते तुम्ही ठरवा.

मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवणं पत्रात नाही, पण असणारच. ते बंद.

वजन किती उतरवायचं? 58 विसरा. आत्ताच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत चार ते आठ किलो उतरून टिकले, तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसतो. हळू उतरलेलं बरं. झटपट डाएटनंतर शरीर खर्चाला कात्री लावतं आणि भूक वाढवतं, त्यामुळेच परत येतं. तुमचे ते पाच-सहा किलो परत येण्यात बेशिस्तीचा हात असेल त्याहून जास्त या हिशेबाचा आहे.

एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. कधी कधी थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जातं का, थांबावंसं वाटूनही थांबता येत नाही असं, लपून, आणि मग स्वतःची किळस येते? आठवड्यातून एकदा तरी आणि महिनोन्‌महिने असं होत असेल, तर तो एक ओळखीचा आजार आहे आणि त्यावर मानसोपचार चांगले लागू पडतात. शेव संपणं म्हणजे हे नव्हे, घाबरू नका. पण असेल तर डाएटवाल्याकडे न जाता मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

नव्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी ऐकलं असेलच. सेमाग्लुटाइड, तिर्झेपटाइड ही वजनाची औषधं 2025 पासून आपल्याकडेही मिळतात. घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि बंद केल्यावर वजन बऱ्यापैकी परत येतं. मी त्यांचा उल्लेख वेगळ्याच कारणासाठी करतेय. ही औषधं घेणारे लोक सांगतात की डोक्यात सतत चालणारी खाण्याची भुणभुण थांबली. उभ्या आयुष्यात ज्याला 'तोंडावर ताबा नाही' म्हटलं, ते भूक आणि तृप्तीच्या संप्रेरकासारख्या एका औषधाने गप्प बसतं. सासूबाईंना हे सांगायला जाऊ नका, पण तुम्ही लक्षात ठेवा.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना खलनायिका करू नका. "अजून एक पोळी घे गं" म्हणणाऱ्याही त्याच असणार, आणि "सुटलीस" म्हणणाऱ्याही त्याच. टंचाईच्या दिवसांत वाढलेल्या बायकांचं हे असं असतं: वाढणं म्हणजे माया आणि टोकणं म्हणजे काळजी. तुम्हाला बोलतात ते तुम्ही एका कानाने ऐकून सोडून द्याल कदाचित. पण अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त प्रौढांवर झालेल्या अभ्यासात, वजनावरून हिणवलं जातं असं सांगणाऱ्यांपैकी जे तोवर लठ्ठ नव्हते, ते पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट निघाली. टोमण्याने कुणी बारीक होत नाही.

लेकीच्या बाबतीत मात्र सोडून द्यायचं नाही. त्याच देशात 2,379 मुलींना वयाच्या दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत पाहिलं गेलं. दहाव्या वर्षी ज्यांना कुणीतरी, घरच्यांनी, मैत्रिणींनी, शिक्षकांनी, "तू जाड आहेस" म्हटलं होतं, त्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता जास्त होती. सुरुवातीचं वजन हिशेबात धरूनही. म्हणजे आधीच जाड होत्या म्हणून ऐकावं लागलं, एवढंच ते नव्हतं. आणि घरच्यांचे शब्द बाहेरच्यांपेक्षा जास्त लागले.

"तिला मी दिलाय का?" तर हो, शरीराचा कल काही अंशी दिला असेल. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या 540 जणांचा अभ्यास 1986 साली आला होता. त्यांची अंगलट जन्मदात्या आईबापांशी जुळली, वाढवणाऱ्यांशी नाही. पण हा कल आहे, विधिलिखित नव्हे, आणि त्यात दोष देण्याजोगं काही नाही. तुमचं नाक दिलंत तसंच हे. लेकीला डाएटवर ठेवू नका, तिच्यासमोर स्वतःला 'बेशिस्त', 'म्हैस' वगैरे म्हणू नका, आणि काट्यावर तिला उभं करायचं काम तिच्या डॉक्टरांचं. घरात जे सगळ्यांसाठी बदलेल तेच तिच्यासाठी.

सासूबाईंशी बोलायचं ते तुमच्या नवऱ्याने बोलावं, तुम्ही नव्हे. आईशी मुलानेच बोललेलं लागतं. भांडण नको, लेक शाळेत असताना, चहा घेता घेता: "आई, तिच्या खाण्याबद्दल काही वाटलं तर मला सांग, तिच्यापुढे नको. डॉक्टरांनीच तसं सांगितलंय." डॉक्टरांचं नाव घातलं की आपल्याकडे अर्धं काम होतं, आणि तोवर तुम्ही डॉक्टरांना विचारून आलेल्याच असाल, म्हणजे खोटंही ठरणार नाही. त्या लगेच बदलणार नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वेळेला नवऱ्याने तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, आवाज न चढवता.

त्या सहा महिन्यांच्या पॅकेजचे पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. तपासण्या होऊ देत. गोळीचं नाव आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, पुढचं त्यावरून बघू.